घरच्या मैदानावरचा पहिला सामना

दोहा, फरीज बिन ओमरान
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

अहो,

आम्ही इथे ठीक, तुम्ही तिथे ठीक, हे मी आपलं धरून चालते. फोनवर तुम्ही ‘हं’ आणि ‘ठेवतो’ याखेरीज काही बोलत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा फोन घ्यायचा नाही अशी तुमची प्रतिज्ञा. म्हणून हे पत्र. पोपटराव मंगळवारी नाशिकला निघताहेत, त्यांच्या हाती देते. त्यांची गॅस प्लांटवरची नोकरी अठ्ठावीस दिवस काम आणि अठ्ठावीस दिवस सुट्टी अशी असते, त्यामुळे ते आमचे पोस्टमन झालेत. त्यांना आत बसवा आणि चहा द्या. मागे एकदा तुम्ही त्यांना दारातूनच वाटेला लावलंत, ते त्यांनी इथल्या गणेशोत्सवात पंचवीस माणसांना सांगितलं. मी तोंड लपवत फिरले.

मुद्द्याचं लिहिते. आपली ईरा बेसबॉल खेळते. हे मी तुम्हाला सप्टेंबरात सांगितलं तेव्हा तुम्ही ‘तो काय खेळ आहे’ म्हणून फोन ठेवलात. खेळ आहे. अकरा वर्षांची पोर हेल्मेट घालून उन्हात उभी राहते आणि दुसऱ्या मुलाने जिवाच्या आकांताने फेकलेला चेंडू मारते, याला दुसरं काय म्हणणार? तिच्या टीमचं नाव थुमामा ऑरिक्स. ऑरिक्स म्हणजे इथलं लांब शिंगांचं हरीण. मुलं-मुली एकत्रच खेळतात, दहा ते बारा वयाची. खलील म्हणून त्यांचे कोच आहेत, लेबनॉनचे. फार आरडाओरडा करत नाहीत. हे तुमच्या माहितीसाठी.

तर या टीमला दोन वर्षं स्वतःचं मैदानच नव्हतं. आज या शाळेत, उद्या त्या क्लबात, सगळे सामने दुसऱ्याच्या दारात. आता अल थुमामाला त्यांचं हक्काचं मैदान होतंय आणि बारा डिसेंबरला तिथे पहिला सामना आहे. सगळ्या मुलांची माणसं येणार. रेहान नावाचा मुलगा आहे टीममध्ये, त्याचे आजी-आजोबा लाहोरहून येताहेत. ते ऐकून ईराने जेवताना विचारलं, “व्हाय इज आजोबा नॉट कमिंग?” अभिजित ताटात बघायला लागला. आपला जावई अशा वेळी नेहमी ताटातच बघतो. मी पण बघितलं. आणि अंतरा, तुमची लेक, पोळी तोडता तोडता म्हणाली, “येऊ देत की. माझी काही हरकत नाही.”

ऐकलंत का? चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं. मला माहीत आहे यात काय आहे. सोळा वर्षांची होती ती. मुलींच्या क्रिकेट शिबिरासाठी जिल्ह्यातून पंधरा नावं जायची होती, तुम्ही निवड समितीवर होतात, आणि पंधरातलं तिचं नाव तुम्ही शाईने खोडलंत. ‘बापाने स्वतःच्या मुलीला घेतलं असं कुणी म्हणायला नको,’ असं तिला तोंडावर सांगितलंत. त्या दिवसापासून तिने बॅटला हात लावला नाही आणि तुमच्याशी कामापुरतंच बोलली. लग्नात पाया पडली तीसुद्धा फोटोग्राफरने सांगितलं म्हणून. मला हा विषय काढायचा नव्हता. पेन तुमच्या हातात होतं एवढंच मी म्हणते, जास्त काही म्हणत नाही.

पासपोर्ट कपाटात पिवळ्या फायलीत आहे. वरच्या खणात, माझ्या साड्यांच्या मागे. तिकिटाचं अभिजित बघेल. तुम्ही फक्त हो म्हणा. एक अक्षर आहे, काना-मात्रा धरून.

शशिकला

.

शनिवार, ६ डिसेंबर २०२५

अहो,

पोपटरावांचा नाशिकहून निरोप आला. बोलून पाठवलाय, तोसुद्धा चार मिनिटांचा, त्यात साडेतीन मिनिटं तिथल्या थंडीची. तुम्ही त्यांना आत घेतलंत आणि चहा दिलात, हे ऐकून बरं वाटलं. पुढचं ऐकून माझं डोकं फिरलं. ‘तिने स्वतः बोलावलं तर बघू.’ असं म्हणालात?

मी तो निरोप अंतराला सांगितला. ती लुसैलच्या ऑफिसातून नुकती घरी आली होती, एका हातात लॅपटॉप, एका हातात कोथिंबीर. म्हणाली, “आई, मी नाही म्हटलं नाही, हेच पुष्कळ झालं. आता मी आमंत्रणपत्रिका छापू का?” 

म्हणजे तिने बोलावलं की तुम्ही येणार आणि तुम्ही आलात की ती बोलणार. मधे मी. मी काय दोन ऑफिसांमधली शिपाई आहे? सहासष्टाव्या वर्षी इकडचे निरोप तिकडे आणि तिकडचे टोमणे इकडे. गुडघे दुखतात माझे.

तुम्हाला निमित्त नको म्हणून सांगते, सामना पुढे गेलाय. मैदानासाठी लाल माती आणली होती ट्रक भरून, ती दोन दिवसांच्या वाऱ्याने समोरच्या व्हिलांच्या अंगणात जाऊन बसली. तिथल्या बायका चिडल्या, ते वेगळंच. आता दुसरी माती येणार, तिच्यावर पाणी मारणार, ती दाबणार. नवी तारीख नऊ जानेवारी, शुक्रवार, दुपारी चार. खलील कोच म्हणाले, “इन्शाल्ला.” इथे हा शब्द ऐकला की मी तारखेखाली पेन्सिलने रेघ मारते, पेनाने नाही.

मी खेळ शिकायचा प्रयत्न केला. चार उश्या असतात मैदानावर, बेस म्हणतात त्यांना. चेंडू मारायचा, बॅट टाकून द्यायची आणि पहिल्या उशीकडे पळत सुटायचं. बॅट टाकायची! मला तर पहिल्या दिवशी कसंसंच झालं. तुम्ही क्रिकेट शिकवायचात तेव्हा पोरांना बॅट जमिनीवर आपटली म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावायचात. इथे भिरकावून देतात आणि कोच टाळ्या वाजवतात.

पण माझा राग तुमच्यावर आहे, बॅटवर नाही. तुमचा हा ताठा मी सेहेचाळीस वर्षं पाहिला. नात बोलावते आहे, ते पुरत नाही. मग येऊ नका. खरंच येऊ नका. इथे ‘खलास’ म्हणतात, म्हणजे संपलं. तसं समजा.

हे पत्र उर्वीच्या हाती पाठवते आहे. अभिजितच्या ऑफिसातली मुलगी, बहिणीच्या लग्नाला नाशिकला येतेय. ती तुम्हाला नमस्कार करेल. तिच्यावर तोंड वाकडं करू नका, तिने काही केलेलं नाही.

शशिकला

.

गुरुवार, ८ जानेवारी २०२६

अहो,

पोपटराव येऊन तीन आठवडे झाले. तुम्ही दिलेली पिशवी पोचली. मेतकूट पोचलं. चिवड्याचा चुरा झाला. आणि ईराच्या नावाची चिठ्ठी पोचली, कडेने गोंद लावून बंद केलेली, जशी काही कोर्टात द्यायची आहे.

पिशवी मी टेबलावर उलटी करून झटकली. माझ्यासाठी एक ओळ नाही. मी दोन पत्रं लिहिली, दोन्ही दोन-दोन पानी. ‘पत्र मिळालं’ एवढं तरी? मेतकूट कुणासाठी पाठवलंत, माझ्याचसाठी ना? मग डब्यावर माझं नाव घालायला काय झालं होतं?

ईराला चिठ्ठी दिली. तिला आवडली.

उद्या सामना. माती जागेवर आहे. मी सकाळपासून चकल्या करतेय, बारा मुलं, त्यांचे आईबाप आणि लाहोरचे आजी-आजोबा धरून. अंतरा म्हणाली, “आई, तिथे हॉट डॉग असणार आहेत.” म्हटलं, असू देत.

एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला सांगायला नको होती खरं तर, कारण तुम्ही ती मिळवलेली नाही. काल संध्याकाळी अंतरा ईराला घेऊन खाली पार्किंगमध्ये गेली. मी गॅलरीतून पाहिलं. दोन गाड्यांच्या मधे उभी राहून ती ईराला चेंडू टाकत होती. ऑफिसचेच कपडे, बूट काढून ठेवलेले. पहिले दोन नुसते असेच टाकले. तिसरा टाकला आणि मी चहाचा कप कठड्यावर ठेवला. खांदा तसाच मागून येतो तिचा. मनगट तसंच वळतं. चाळीस वर्षांची झाली, काही गेलेलं नाही.

ती वर आली तेव्हा मी पानं घेतली. जेवताना तिने दुसऱ्यांदा भात घेतला.

पोपटराव पुढच्या बुधवारी निघताहेत. सामन्याचं लिहून मग एकदमच पाठवते.

शशिकला

.

शनिवार, १० जानेवारी २०२६

अहो,

खोटं लिहिलं होतं. चिठ्ठी ईराला दिली नव्हती. ती माझ्या पर्समध्ये होती, औषधांच्या कप्प्यात. परवाचं पत्र फाडून टाकणार होते, पण राहू दे म्हटलं. तारखेप्रमाणे वाचा, म्हणजे तुम्हाला तुमची बायको कळेल.

का दिली नाही, तर राग आला म्हणून. तिला चार ओळी आणि मला मेतकूट. सामना झाल्यावर देऊ म्हटलं. आजोबा नाहीत तर त्यांचा उपदेश तरी कशाला, असं मनात आलं. आता लिहिताना शाळकरी वाटतं, पण तेव्हा अगदी बरोबर वाटलं होतं.

सामन्याचं सांगते. मैदान चांगलं झालंय हो. हिरवी जाळी, लाल माती, पांढऱ्या उश्या, बसायला लोखंडी पायऱ्या. गेटवर ऑरिक्सचं चित्र. विमानतळ जवळ, त्यामुळे दर पाच मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं आणि लाउडस्पीकरवाल्याचं अर्धं बोलणं ते घेऊन जातं. मुलांची नावं पुकारली तेव्हा ईराच्या नावावर नेमकं विमान आलं. मी चिडले. त्या माणसाला सांगणार होते, परत म्हण म्हणून, पण अंतराने माझा पदर ओढून मला बसवलं. माझ्या शेजारी रेहानची आई अजरा होती. तिने थर्मासमधून करक चहा दिला, मी चकल्या दिल्या. मुलांनी चकल्या संपवल्या, हॉट डॉग उरले. हे अंतराला दोनदा सांगितलं.

सामना सहा डावांचा. समोरची टीम अल खोरची, दांडगी मुलं, एकाला तर मिसरूड फुटलं होतं. शेवटच्या डावात आपण एका धावेने मागे होतो. दोघं बाद झालेले, तिसरा बाद झाला की खेळ संपला. रेहान तिसऱ्या उशीवर उभा. तो चौथ्या उशीवर, म्हणजे यांच्या भाषेत ‘होम’ला, पोचला की बरोबरी. आणि बॅट घेऊन आली आपली ईरा.

अजराने माझा हात धरला. खलील कोच “यल्ला, ईरा, यल्ला!” म्हणत टाळ्या वाजवत होते. दोन चेंडू हुकले. तिसरा तिने मारला. जोरात नाही, पण मारला. चेंडू जमिनीवरून सरळ समोरच्या मुलाच्या हातात गेला. ईराने बॅट टाकली आणि पळत सुटली.

आणि मी उभी राहिले आणि ओरडले, “अगं नको! थांब! परत फीर!”

तुम्हाला माहीत आहे माझा आवाज. तुमच्या पोरांचे सामने बघत वीस वर्षं मैदानाच्या कडेला बसले मी. चेंडू समोरच्याच्या हातात गेला की पळायचं नाही, हे माझ्या हाडात आहे. विचार करावा लागत नाही. आणि नेमकं तेव्हा वर विमान नव्हतं.

ईरा इंग्रजीतच बोलते, पण मराठी सगळं समजते. मी तिला गरम तव्यापासून, गाडीपासून, जिन्यापासून याच आवाजात थांबवलेलं आहे. ती थांबली. अर्ध्या वाटेत थांबून तिने वळून माझ्याकडे पाहिलं. आणि त्या समोरच्या मुलाच्या हातातून चेंडू सुटला होता! तो खाली वाकून शोधत होता. ती पळत राहिली असती तर आरामात पोचली असती. रेहान तर पोचलाही होता. पण ती उभी. सगळे ओरडले, रन, रन. तिला कळेपर्यंत त्या मुलाने चेंडू उचलून पहिल्या उशीवरच्या मुलाकडे फेकला. खलास. ती बाद, आणि तिसरा गडी पहिल्या उशीआधीच बाद झाला की धाव धरत नाहीत म्हणे, म्हणून रेहानचीही गेली, घरच्या मैदानावरचा पहिला सामना एका धावेने गेला.

अजरा “कोई बात नहीं आंटी” म्हणाली आणि थर्मासचं झाकण लावत बसली. खलील कोच ईराजवळ गुडघ्यावर बसून काहीतरी सांगत होते. ती रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आजी, यू सेड थांब!” एवढंच. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

गाडीत अभिजित ताटात बघतो तसा रस्त्याकडे बघत होता. अंतराने विचारलं, “आई, का ओरडलीस?”

म्हटलं, “मला वाटलं ती बाद होईल.”

“म्हणून तूच बाद केलंस.”

घरी आल्यावर मी पर्समधून तुमची चिठ्ठी काढून ईराला दिली. काहीतरी द्यावंसं वाटलं तिला, आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून अंतराने वाचून दाखवली. तुम्ही काय लिहिलंय ते तुम्हाला पाठ असेल, तरी मी उतरवते, कारण तुम्ही काय करून ठेवलंत ते तुम्हाला दिसावं:

‘चि. ईरास. वाचनालयातून तुझ्या खेळाच्या नियमांचं पुस्तक मागवून दोनदा वाचलं. चांगला खेळ आहे. एक लक्षात ठेव. आमच्या क्रिकेटमध्ये चेंडू मारल्यावर पळायचं की नाही ते आपण ठरवतो. तुमच्यात जमिनीवरून मारला की पळायचंच. कडेला बसलेल्या आपल्या माणसांना जुनी सवय आहे, ती थांब म्हणून ओरडतील. ऐकू नकोस. मी एकदा ऐकलं होतं. तुझा आजोबा, सदानंद.’

अंतरा शेवटच्या ओळीपाशी थांबली. परत वाचली. मग ईराला म्हणाली, जा आंघोळ कर. आणि ईरा गेल्यावर मला विचारलं, “बाबांनी कुणाचं ऐकलं होतं?”

काय म्हणावं तुम्हाला! चोवीस वर्षं तोंडातून ब्र काढला नाहीत, आणि शेवटी लिहिलंत कुठे, तर अकरा वर्षांच्या पोरीच्या चिठ्ठीत?

मी सांगितलं. सगळं सांगितलं. की यादी तयार झाली होती आणि तिचं नाव तिसरं होतं. की आदल्या दिवशी संध्याकाळी मी तुम्हाला म्हटलं, ते नाव काढा. तीन आठवडे मुलगी शिबिरात, बारावी तोंडावर, उन्हात काळी ठिक्कर झालेली, उद्या हात-पाय मोडला तर कोण बघणार? आणि तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मी बॅग भरली. माहेरी जाते, परत येत नाही म्हटलं. तुम्ही पायरीवर बसून राहिलात. मग उठून गेलात आणि नाव खोडून आलात.

ती म्हणाली, “बारावी?”

म्हटलं, नाही. फक्त बारावी नाही. हे मी तुम्हालाही कधी सांगितलेलं नाही, आता ऐका. तुम्ही दोघं मैदानावरून हसत घरी यायचात. कुणी कसा चेंडू टाकला, कुणाचा कसा झेल सुटला. दारातून जेवणापर्यंत तेच. मी डबा घेऊन कडेला बसायची, घरी येऊन वाढायची, आणि त्या बोलण्यात मला जागाच नव्हती. मला माझी मुलगी घरात हवी होती. म्हणून मी तिला थांबवलं. याहून मोठं कारण नाही. शरम वाटते लिहिताना, पण हेच आहे.

आणि तुमचा त्यावेळचा शहाणपणा मी तिला सांगितला. ‘दोघांवर रागावली तर ती बोलणार कुणाशी? घरात एक तरी माणूस हवं तिला. माझ्यावर रागावू दे.’ हे मोठेपण तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं? मी सांगितलं नव्हतं. मी फक्त गप्प बसले. तुम्ही तिकडे तिच्या रागात बसलात आणि मी इकडे तिच्या हातचा चहा पीत राहिले, चोवीस वर्षं. आणि वर तुम्हालाच पत्रात लिहिलं, पेन तुमच्या हातात होतं म्हणून. तुम्ही ते वाचून पोपटरावांना चहा दिलात! एकदा तरी चिडायचं होतंत हो.

अंतराने ऐकून घेतलं. चिठ्ठीची घडी घातली, होती तशीच. आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

शशिकला

.

बुधवार, १४ जानेवारी २०२६, संक्रांत

अहो,

पोपटराव संध्याकाळी येणार आहेत, म्हणून भराभर लिहिते.

अंतरा माझ्याशी बोलत नाही. ‘आई, गोळी घेतलीस का’ एवढं विचारते आणि उत्तराची वाट बघत नाही. आज सकाळी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, वाकून नमस्कार केला आणि पुढचं वाक्य काही म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणू? तुम्ही इतकी वर्षं हे कसं सोसलंत, मला चार दिवसांत नको झालंय. घरात सगळं चालू असतं आणि आपण भिंतीला टेकून उभे.

ईराचं मात्र बरं आहे. मुलं विसरतात, किंवा विसरल्यासारखं करतात. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, “इट्स ओके आजी, बट नेक्स्ट टाइम सिट फार.” पुढच्या वेळी लांब बस. तुमची चिठ्ठी तिने हेल्मेटच्या आत चिकटवली आहे. घामाने शाई उतरेल म्हटलं तर तिने वरून सेलोटेप मारला.

काल दुपारी अंतरा टेबलापाशी कागद घेऊन बसली होती. मी पाण्याला गेले तर तिने हाताने कागद झाकला, लहानपणी शुद्धलेखनाची वही झाकायची तशी. तासभर बसली. तिचं मराठी लिहायचं सुटलंय, तीन कागद फाडले. मग पाकिटात घालून गोंद लावला आणि ते माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “पोपटरावांना दे. बाबांसाठी आहे.” आणि जाता जाता दारात थांबून, “दे नक्की.”

तर पोपटरावांच्या हाती दोन पाकिटं आहेत. जाडं माझं. पातळ तिचं. आधी तिचं उघडा. मी त्याला हात लावलेला नाही, दिव्यासमोर धरून बघितलेलं नाही. या वेळी खरंच. आतापर्यंत ते फ्रिजवर ठेवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं.

आत काय असेल ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की घरच्या मैदानावरचा पुढचा सामना सहा फेब्रुवारीला आहे, शुक्रवारी, चार वाजता. कॅलेंडरवर अंतराने स्वतः लिहिलंय, पेनाने. आणि तुमचंच म्हणणं होतं ना, की रागावलेल्या माणसाला घरात बोलायला एक तरी माणूस हवं? आता तिला ते माणूस नाही. तुम्ही व्हा. मी लांब बसेन, अगदी वरच्या पायरीवर, तोंडात चकली धरून. तुम्ही तिच्या शेजारी बसा आणि कुणाचा झेल कसा सुटला ते बोला. जेवताना पण बोला. मी वाढेन. या खेपेला मला चालेल.

डिसेंबरात मी रागाने लिहिलं होतं, येऊ नका म्हणून. माझं ऐकायचं नाही, हे तुम्हीच लिहून पाठवलंयत. पासपोर्ट वरच्या खणात आहे. निघा.

शशिकला